बरणी, ते पाणी तुला मी पाजलं

बरणी,

तुझं नाव पडलं त्या दिवशी तुझा चेहरा आम्ही कोणी पाहिलाच नव्हता. चेहऱ्याच्या जागी एक प्लास्टिकची बरणी होती. कंपनीच्या गेटसमोरच्या चहावाल्याने फेकलेली, टोस्ट-खारीची. तळाशी चुरा राहिला असणार. तू डोकं घातलंस आणि ते आत अडकलं. चार दिवस तू तशीच एमआयडीसीच्या रस्त्यांवरून फिरत होतीस. आतून तुझ्या श्वासाची वाफ साचायची, तुला काही दिसायचं नाही. ट्रकने हॉर्न दिला की तू उलट्या दिशेला धावायचीस आणि गटाराच्या कठड्यावर आपटायचीस. टक् असा आवाज यायचा. लोक हसायचे. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मीही हसलो होतो.

पाचव्या दिवशी रामसूरतने तुला ट्रान्सफॉर्मरच्या जाळीच्या कोपऱ्यात कोंडलं. रामसूरत म्हणजे आमच्या कंपनीतला लोडर, ड्रम चढवायचं-उतरवायचं काम त्याचं. त्याने पोतं टाकून तुला धरलं आणि मी मेंटेनन्समधून मागून आणलेल्या हॅकसॉच्या पात्याने बरणी कापायला बसलो.

"धीरे भैया, कान बचाके," तो म्हणत होता. "और काट लिया तो इंजेक्शन आपको, छुट्टी मेरे को."

तू चावली नाहीस. बरणी दोन तुकड्यांत सुटली तेव्हा तू तीनदा शिंकलीस, पूर्ण तोंड उघडून हवा ओढलीस आणि माझ्या सेफ्टी बुटावर बसलीस. उठेचना. शिफ्टचा भोंगा वाजला तरी उठेचना. मग काय करणार, पोत्यात घालून, डोकं बाहेर ठेवून, मोटारसायकलच्या टाकीवर तुला गावी, घिवलीला घेऊन आलो.

मीना ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, एक दाजी आहेत ना घरात? आता ही कोण?"

दाजी तुझ्याआधी दोन वर्षं आलेला. दांडीच्या खाडीकाठी कोणीतरी टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात त्याचे मागचे दोन्ही पाय गुरफटले होते. म्हातारा कुत्रा, एक कान फाटलेला. पाय बरे झाल्यावरही तो दिवसभर ओट्यावर बसून राहायचा आणि जेवणाची वेळ झाली की घसा खाकरल्यासारखा आवाज काढायचा. मीनानेच नाव ठेवलं. म्हणाली, हा तर मानपानासाठी अडून बसलेला दाजी. तुला पाहून दाजीने फक्त एक डोळा उघडला, तुला ओट्याची उन्हाची बाजू दिली आणि सावलीची स्वतःकडे ठेवली. तुमचं लग्नाविना सगळं ठरलं त्या दिवशी.

आणि शेजारची जनीकाकी. तिची वाडी आणि आमची वाडी, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. तिने साडी अंथरून अंगणात जवला सुकत घातला की तुला नेमका त्याच वाटेने फेरफटका मारायचा असे. ती बारीक कोळंबी तुझ्या पंजांना चिकटून आमच्या ओट्यापर्यंत यायची.

"ए वसंता! तुझी ती बरणी जरा झाकण लावून ठेव!" काकी कुंपणापलीकडून ओरडायची. "माझा जवला तुडवला तिनं. आता तो काय तिच्या पायाचं तीर्थ म्हणून खाऊ?"

आणि तासाभराने तीच काकी बोंबलाची डोकी कुंपणावरून फेकायची. "घे गो बाय, खा. तुझा मालक काय घालतो तुला, बिस्किटं? बिस्किटानं कुत्रं जगतं काय?"

तुझा-माझा एक वाद तसाच राहिला. रोज सकाळी तू माझ्या गाडीमागे नाक्यापर्यंत धावायचीस. मी थांबायचो, रागवायचो, परत जा म्हणायचो. तू बसायचीस. मी निघालो की उठायचीस. एकदा, फक्त एकदाच, मी खडा उचलून मारला. लागला नाही, मुद्दामच अलीकडे टाकला होता. तू त्या खड्याजवळ गेलीस, वास घेतलास आणि तो तोंडात धरून माझ्याकडे घेऊन आलीस. मला तेव्हा हसू आलं होतं. आता ती गोष्ट आठवली की हसू येत नाही. माझ्या हातातून आलेली वस्तू वाईट असू शकते, हे तुझ्या डोक्यात बसतच नव्हतं.

ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते आता लिहितो.

आपल्या घिवलीच्या विहिरी खाऱ्या झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. वाडीच्या नारळाला ते पाणी चालतं, माणसाला नाही. नळ दिवसाआड येतो. म्हणून गावात प्रत्येक अंगणात निळे ड्रम दिसतात. कंपन्यांमधले रिकामे ड्रम. ते कुठून येतात हे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. प्रत्येक घरातलं कोणीतरी कुठल्यातरी कंपनीत असतंच. मजबूत असतात, झाकण घट्ट बसतं, पंधरा-पंधरा वर्षं फुटत नाहीत. मुलीच्या सासरी भेट म्हणून निळा ड्रम पाठवलेला मी पाहिलाय.

मी बावीस वर्षं प्लॅन्टवर ऑपरेटर आहे. रिकाम्या ड्रमला बुडाशी भोक पाडूनच तो बाहेर पाठवायचा, म्हणजे त्यात पुन्हा कोणी पाणी भरणार नाही, हा नियम मी स्वतः नव्या पोरांना शिकवतो. भिंतीवर त्याचा बोर्ड आहे. त्या बोर्डासमोर उभा राहून मी तो वाचून दाखवतो, आणि संध्याकाळी घरी येऊन भोक न पाडलेल्या ड्रममधल्या पाण्याने पाय धुतो. आम्ही सगळेच तसे. नियम कंपनीत असतो, पाणी घरात लागतं.

वाडीत तुमच्यासाठी दगडी डोणी होती, आजोबांच्या वेळची, बैलांना पाणी पाजायची. फेब्रुवारीत तिला तडा गेला. सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत मातीत जायचं. मी गजूला सांगितलं. गजू आमच्या कंपनीच्या स्टोअरला आहे. आम्ही घिवलीच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकलो. एकाच दिवशी कंपनीत लागलो.

"वश्या, एक कशाला, दोन घेऊन जा," तो म्हणाला. "साबणाच्या लिक्विडचे हायत. धुतलेले. उघडून बघ, फेस येईल अजून."

मी उघडून पाहिलं. मला कसलाच वास आला नाही. बरणी, मला कशालाच वास येत नाही. मुंबईचे पाहुणे बोईसर स्टेशनवर उतरले की नाकाला रुमाल लावतात आणि मी विचारतो, कसला वास? बावीस वर्षांत माझं नाक कधी मेलं मला कळलंसुद्धा नाही. आणि मी त्याच नाकाने तो ड्रम पास केला.

गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. गजूच्या टेम्पोत अजून दहा-बारा ड्रम होते. जनीकाकीने झाकण उघडून आत डोकावलं. "वसंता, प्यायच्या पाण्याला चालंल काय रे?"

आणि मी म्हणालो, "काकी, माझ्याच कंपनीचे हायत. बिनधास्त घ्या."

सहा घरांनी घेतले. माझ्या शब्दावर.

आपल्या दोन ड्रमपैकी एक मीनाने बाथरूममागे ठेवला. पिण्याला नको म्हणाली. "अहो, कसलातरी गोडसर वास येतो. नेलपॉलिशसारखा." मी म्हणालो, तुला सगळ्यालाच वास येतो. पण ऐकलं. त्यातलं पाणी फक्त कपड्यांना. दुसरा मी रविवारी ग्राइंडरने उभा कापला, कडा कानशीने घासघासून गुळगुळीत केल्या, तुमचं तोंड कापू नये म्हणून. चिकूखाली विटांवर बसवला. पाइप लावून भरला. निळ्या पाण्यात चिकूची पानं दिसत होती. मी लांब उभा राहून बघितलं, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

दाजी आला, लपलप पाणी प्यायला आणि आडवा झाला. दाजीला काहीही चालायचं.

तू आलीस. वाकलीस. आणि मागे उडी मारलीस. शिंकलीस. लांबून एक फेरी मारलीस आणि माझ्याकडे पाहिलंस.

मला वाटलं, मला सगळं समजलं. मीनाला म्हणालो, "बघ, प्लास्टिकला घाबरते. ती बरणी अजून डोक्यातून गेली नाय तिच्या." मला तुझी कीव आली. मला वाटलं, ही भीती मी काढली पाहिजे. तुला वाचवलं होतं ना मी, मग पुरतं वाचवायला नको?

दोन दिवस तू फुटक्या डोणीतल्या तळाच्या ओलीला जीभ लावायचीस. काकीच्या केळीच्या आळ्यात जायचीस. मी फोनवर कुत्र्यांना शिकवण्याचा एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस म्हणाला, दुसरा पर्याय ठेवू नका. मी डोणी उलटी केली. केळीच्या बाजूचं कुंपण काट्यांनी बंद केलं, फाटकाला कडी लावली. मार्चच्या उन्हात तू दीड दिवस पाण्याविना राहिलीस. जीभ बाहेर, पोटऱ्या थरथरत होत्या. मीना म्हणाली, "अहो, तिला नको असेल तर द्या ना भांड्यात." मी म्हणालो, मध्ये पडू नकोस, आज नाही तर ती कधीच पिणार नाही.

मग मी ड्रमजवळ उकिडवा बसलो. हात पाण्यात घातला. "ये बरणी. ये गो. काय नाय त्यात. मी हाय ना."

तू आलीस. पोटावर सरकत, कान मागे टाकून आलीस. माझ्या बोटांमधलं पाणी आधी चाटलंस, मग ड्रममधलं. पीत असताना तुझे डोळे पाण्याकडे नव्हते. माझ्याकडे होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीत मी सगळ्यांना सांगितलं, कुत्रीची भीती घालवली म्हणून. रामसूरत म्हणाला, "वाह भैया." मी त्याला ड्रमचं काही बोललो नाही. बोललो असतो तर तेव्हाच कळलं असतं.

घरात मी मीनाचं ऐकलं, कारण ती बोलू शकते. तू जे सांगत होतीस त्याला मी तुझा आजार म्हटलं.

आधी दाजी गेला. एप्रिलमध्ये त्याने जेवणाच्या वेळी खाकरायचं सोडलं. पाणी मात्र खूप प्यायला लागला, आणि तेच ओकायचा. बोईसरच्या डॉक्टरांनी सांगितलं, किडनी गेलीय, वय झालंय. भरपूर पाणी पाजा. मी पाजलं, बरणी. त्याला उठवत नव्हतं तर सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीने, दर तासाला, रजा टाकून. त्याच ड्रममधलं. कारण ते हाताशी होतं. तो प्रत्येक वेळी गिळायचा आणि शेपटी एकदा जमिनीवर आपटायचा, आभार मानल्यासारखा. वाडीच्या टोकाला त्याला पुरलं. मी रडलो, पण त्या रडण्यात समाधानही होतं. म्हातारा होता, आपण सगळं केलं, असं मी चार लोकांना सांगितलं.

मग तू. मे महिना लागला आणि तू गाडीमागे नाक्यापर्यंत येईनाशी झालीस. आधी अर्ध्या वाटेवरून परतायचीस, मग फाटकातूनच. मला वाटलं, दाजीचं दुःख करतेय. हिरड्या पांढऱ्या पडल्या तेव्हा पालघरला नेलं. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हिचं वय काय म्हणालात?"

"चार असेल."

"चार वर्षांच्या कुत्रीला हे व्हायला नको. काही पोटात गेलंय का? वाडीत फवारणी? उंदराचं औषध? शेजारी कोणी...?"

ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी केलं. परतीच्या सगळ्या वाटेवर ते माझ्या डोक्यात फिरत होतं. तुला मीनाच्या मांडीवर दिलं आणि मी तसाच कुंपणापाशी गेलो.

"काकी, खरं सांगा. जवल्यापायी तुमी काय घातलंत काय तिला?"

काकीच्या हातात सूप होतं. ते तिने खाली ठेवलं. थोडा वेळ तिला समजलंच नाही, मी काय विचारतोय.

"मी?" ती म्हणाली. "वसंता, मी?"

"डॉक्टर म्हणतात विष हाय."

"तुझ्या आईच्या बाळंतपणाला मी व्हते. तुला पहिलं पाणी माझ्या हातानं घातलं. आन् तू मला इचारतोस, कुत्रीला विष घातलं काय म्हणून?" तिने सूप उचललं. "जा. घरात जा. परत या कुंपणाशी येऊ नकोस."

त्यानंतर सहा दिवस तू जगलीस. शेवटच्या दुपारी तू उठलीस, तोल सावरत चिकूखाली गेलीस आणि ड्रमपाशी पडलीस. तहान लागली होती म्हणून, की तुला मला काही दाखवायचं होतं? कुत्री असं काही दाखवत नसतात, एवढं मला समजतं. पण हा प्रश्न मी दिवसातून किती वेळा स्वतःला विचारतो. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. पुन्हा तेच म्हणालो, मी हाय ना.

तुला दाजीशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी मीना चिकूखालचा ड्रम उपसून धुवायला गेली. भर दुपारचं ऊन, रिकामं प्लास्टिक तापलेलं. तिने तोंडाला पदर लावला आणि मागे सरली.

"अहो, इकडे या. तुम्हाला खरंच काही येत नाही? डोळे झोंबतात माझे."

ती ज्या जागी मागे सरली, तिथेच तूही सरली होतीस.

त्यानंतरच्या दिवशी कंपनीत रामसूरतला स्क्रॅप यार्डात गाठलं. फोनमधला ड्रमचा फोटो दाखवला. बाजूला एक हिरवा पट्टा होता, अर्धवट खरवडलेला.

"ये साबुन का है?"

तो हसला. "साबुन का सफेद आता है भैया. हरा पट्टा तो सॉल्वेंट वाला. यार्ड का नया पंटर भी जानता है."

"धोते हैं ना?"

"धोता कौन है? पाइप मारते हैं एक बार. लेबल ब्लेड से निकालते हैं, बस." मग त्याने माझा चेहरा पाहिला आणि हसू थांबवलं. "क्यों? घर ले गए क्या?" मी फोन खिशात टाकला. तो हळूच म्हणाला, "बरनी?"

त्याने तुला धरलं होतं, मी कापत असताना. तो ड्रमवर बसला आणि टोपी काढली.

गजूला पार्किंगच्या शेडमध्ये गाठलं. तो हेल्मेट पुसत होता.

"गजू, ते ड्रम कशाचे होते?"

"साबणाचे. सांगितलं तर व्हतं."

"रामसूरत दुसरं सांगतो."

"रामसूरतला वाचता येतं काय?"

"लेबल असतं तर मी वाचलं असतं. लेबल कुठं गेलं?"

तो हेल्मेट पुसतच राहिला. "वश्या, ड्रम तू मागितलास. मी दिला. गल्लीनं घेतले ते तुझ्या सांगण्यावर. भोक पाडायचा नियम तू शिकवतोस, मी नाय. आता तुझी कुत्री मेली म्हणून तू माझ्यावर येतोस?"

"काकी त्या पाण्यात भात रांधते."

"तीन महिने झाले. काय झालं तिला? कोणाला काय झालं? कुत्र्याचं नाजूक असतं. आन् हे बाहेर गेलं तर तुझी-माझी दोघांची नोकरी जाईल. पन्नाशीला आलेल्या माणसाला कोण घेतो? एका कुत्रीपायी गाववाल्याच्या पोटावर पाय देणार तू?"

मला तेव्हा एक गोष्ट आठवली, जी मी रोज पाहत होतो आणि पाहत नव्हतो. "गजू, सगळ्या आळीत निळे ड्रम हायत. तुझ्या अंगणात एक पण नाय."

"आमच्याकडं टाकी हाय."

"कधी बसवलीस?"

त्याने हेल्मेट डोक्यात घातलं आणि काच खाली ओढली. गाडी सुरू करून गेला. शाळेत ज्याच्या डब्यातलं अर्धं मी खाल्लं, तो माणूस काचेच्या आत कसा दिसत होता, मला सांगता येणार नाही.

बरणी, गजूने मला फसवलं हे खरं. पण तेवढंच सांगून थांबलो तर मीही त्याच्यासारखाच. त्याने मला एकदा फसवलं. मी तुला रोज सकाळी भरून दिलं. आणि खरं कळल्यावर मी काय केलं? गप्प बसलो. बायका पाणी भरताना पाहिल्या आणि गप्प बसलो. मीनाने विचारलं, "काकींना सांगितलंत?" मी म्हणालो, सांगतो. नक्की कशाने झालं हे सिद्ध कुठे झालंय, असंही म्हणालो. डॉक्टरांना फोन केला तर तेही म्हणाले, खात्रीने सांगता येणार नाही. मी त्या वाक्याला धरून बसलो. कुंपणापलीकडे काकी सकाळी ड्रमचं झाकण उघडायची, तांब्या बुडवायची, आणि मी चिकूखाली उभा राहून ते बघायचो. ती माझ्याकडे बघायची नाही. मला ते सोयीचं वाटायचं.

रात्री पडल्यावर तुझ्यावर रागही आला, हे सांगून टाकतो. का प्यायलीस? एक दिवस अजून थांबली असतीस तर मीच हरलो असतो. मीना भांडं घेऊन उभीच होती. तू माझं ऐकलं नसतंस, तर जगली असतीस. ज्या माणसाने बरणी कापली त्याच्यावर एवढा विश्वास कशाला ठेवायचा?

आज सकाळी मीना काही न बोलता आपला ड्रम बाथरूममागून ओढत अंगणात घेऊन आली. हातोडी आणि मोठा खिळा माझ्यासमोर ठेवला. मी बुडाला भोक पाडलं. पाणी गेलं. मग मी हात पुसले आणि फाटकातून, रस्त्याने, काकीकडे गेलो. कुंपणाशी येऊ नकोस म्हणाली होती.

ती ओसरीवर होती. मला पाहून तोंड फिरवलं. पण उन्हातून दारी आलेल्या माणसाला पाण्याशिवाय बोलायचं नाही, ही तिची रीत. भांडण असलं तरी. ती उठली, ड्रममधून तांब्या भरला आणि माझ्यासमोर ठेवला. मग लांब जाऊन बसली.

मी तांब्या उचलला. तोंडापर्यंत नेला. नाही प्यायलो. खाली ठेवला.

काकीने ते पाहिलं. तिचा चेहरा असा पडला की मी तो विसरणार नाही. "म्हणजे अजून तुझ्या मनात तेच हाय," ती म्हणाली. "माझ्या हातचं पाणी पण नको झालं तुला?"

"काकी, तुमच्या हाताचं नाय. ड्रमचं हाय."

आणि मी सगळं सांगितलं. हिरवा पट्टा, गजू, डोणी उलटी केली ती, तू कशी मागे सरलीस ते. मी दिलेला शब्द. मी तिच्यावर घेतलेला आळ. ती ऐकत होती. मध्येच तिने तांब्याकडे पाहिलं, आणि हात पदराला पुसले.

"कवा समजलं तुला?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस," ती म्हणाली. "नऊ दिवस मी त्या पाण्यात भात रांधला. आन् तू चिकूखाली उभा व्हतास. मला वाटायचं, पोराला पस्तावा झालाय, बोलायला येईल. मी मनात ठरवलं व्हतं, आला तर बोलीन."

मी म्हणालो, "काकी, चुकलो."

"मला नको सांगूस चुकलो." ती उठली, तांब्या उचलला आणि अंगणाच्या कडेला ओतला. "त्या मुक्या जनावरानं नाय म्हणून सांगितलं, तर त्याला तहानलेलं ठेवलंस. मी इचारलं, तर मला बिनधास्त म्हणालास. तुझ्या बिनधास्तवर अजून पाच घरं पाणी पितात. सुमतीचं नातवंड दोन वर्षांचं हाय. इथं काय बसलास? ऊठ."

मी ड्रम आडवा करायला वाकलो तर तिने माझा हात बाजूला केला. "माझं मी बघते. तू जा."

सुमतीकाकूंचं घर रस्त्याच्या पलीकडे. गजूचं त्याच्या पुढचं. मी चालत होतो आणि मागे वळून बघायची सवय जात नव्हती, तू मागे येतेयस का म्हणून. नोकरीचं काय होईल, ठाऊक नाही. गजू पुन्हा तोंड दाखवेल का, ठाऊक नाही. गावात माझ्या शब्दाला आता काही राहणार नाही, एवढं मात्र ठाऊक आहे.

सुमतीकाकूंच्या फाटकाची कडी मी उघडली. आवाज ऐकून आतून कोणीतरी विचारलं, "कोण हाय?"

मी नाव सांगितलं.

"वसंता काय? ये की रे, ये," आतून सुमतीकाकू म्हणाल्या. आवाजात नेहमीचाच गोडवा होता. "बस. पाणी आणते."